एकवीस गुणांची वजाबाकी

वाचकहो, ज्या शहरात मी आजवर पाऊल ठेवलेले नाही, आणि पुढे ठेवीन अशी फारशी आशाही नाही, तेथील एका फुटबॉल-संघाच्या जमाखर्चाने गेली कित्येक वर्षे माझ्या मनाचे स्वास्थ्य बिघडविले आहे. ही व्यथा मी एकदा घरी बोलून दाखविली. महिनाअखेरचे दिवस होते. सौभाग्यवती वाण्याच्या यादीचा मेळ घालीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आपल्या जमाखर्चाने कधी बिघडलेलं दिसलं नाही ते!" यावर मजजवळ उत्तर नव्हते; आजही नाही.

ते शहर म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागी वसलेले डर्बी, आणि तो संघ म्हणजे डर्बी काउंटी. डर्बी हे नाव उच्चारले की आमच्या कचेरीतील मंडळींना मुंबईच्या महालक्ष्मीवरील घोड्यांची शर्यत आठवते, आणि भाषांतराचे सोज्ज्वळ काम करणारा हा गृहस्थ शर्यतीच्या नादी कसा लागला, अशा नजरेने ती माझ्याकडे पाहतात. गैरसमज दूर करण्याच्या खटपटीत मी हल्ली पडत नाही. घोड्यावर पैसे लावणारा निदान शर्यत संपताच मोकळा होतो.

फुटबॉलचे वेड मात्र मला डर्बीने लावले नाही, ते कोल्हापूरने लावले. तालमींच्या त्या गावी कुस्तीच्या खालोखाल जर कशाचे वेड असेल तर ते फुटबॉलचे. शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या संघांचा सामना असला म्हणजे त्या दिवशी त्या पेठांत दुसरा विषय निघत नाही. आमच्या बाजूच्या एका लहानशा संघाचे हिशेब माझे वडील लिहीत. त्यांना आम्ही आबा म्हणतो. खाकी पुठ्ठ्याची वही, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तांबड्या शाईने काढलेली शिल्लक. एका वर्षी संघ वरच्या गटातून खाली घसरण्याच्या बेतात आला. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, परगावचे दोन चांगले खेळाडू आणावेत. पैशांचे पुढे बघता येईल. आबांनी वही पुढे केली. गणवेश शिवणाऱ्याचे बिल थकलेले होते व मैदान झाडणाऱ्याचे दोन महिन्यांचे पैसे द्यावयाचे होते. "आधी हे," एवढेच ते म्हणाले. खेळाडू आले नाहीत, संघ घसरला. मी तेव्हा ११ वर्षांचा होतो. मी दोन दिवस आबांशी बोललो नाही.

पुढे पदवी घेऊन मी नोकरीसाठी दिल्लीस आलो आणि करोलबागेत भाड्याच्या खोलीत राहू लागलो. तेथेच २४ मे २०१४ रोजी सायंकाळी, खोलीतील सोबत्यांच्या आग्रहाने, दूरचित्रवाणीवर मी डर्बीचा पहिला सामना पाहिला.

त्या सामन्याचे महत्त्व कळावयाचे तर तेथील साखळीची रचना थोडी सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील सर्वांत वरचा वर्ग म्हणजे २० संघांची प्रीमियर लीग. त्याखालच्या वर्गास चॅम्पियनशिप म्हणतात. त्यात २४ संघ असून प्रत्येकाला वर्षभरात ४६ सामने खेळावे लागतात. पहिल्या दोघांना सरळ बढती मिळते. तेव्हा तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चार संघ आपसांत झुंजत, आणि त्यांतील विजेता लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरून तिसरा मानकरी होऊन वर जाई. तळाचे तिघे खाली घसरतात. वरच्या वर्गात नुसते एक वर्ष तग धरला तरी अलीकडे जवळजवळ १० कोटी पौंड संघाच्या पदरात पडतात. यातील फार मोठा वाटा दूरचित्रवाणीच्या हक्कांचा. साहजिकच वर जाण्याच्या आशेने खालचे संघ अंथरूण न पाहता पाय पसरतात. १०० रुपयांच्या मिळकतीपाठी १०० हून अधिक रुपये केवळ पगारावर खर्च करणारे संघ या वर्गात अपवाद नव्हेत. आपल्या घरी कोणी असे करू लागला तर शेजारीपाजारी त्याला वेळीच दोन शब्द सुनावतील. तेथे त्याला महत्त्वाकांक्षा म्हणतात.

या उधळपट्टीस आळा बसावा म्हणून साखळीने नियम केला. २०१३-१४ च्या हंगामात एका वर्षाचा तोटा ८० लाख पौंडांच्या वर जाता कामा नये, अशी मर्यादा होती. पुढे ती बदलून तीन वर्षांस मिळून ३ कोटी ९० लाख पौंड अशी झाली. तरुण खेळाडूंचे शिक्षण, समाजकार्य असे काही खर्च त्यातून वगळतात. नियम वाईट नाही. त्याची गोम कशात आहे, ते या कथेतूनच तुमच्या ध्यानी येईल.

त्या सायंकाळी डर्बीसमोर क्वीन्स पार्क रेंजर्स हा लंडनचा संघ होता. साखळीत डर्बी ८५ गुणांनी तिसरा आला होता व रेंजर्स ८० गुणांनी चौथा. खेळातही डर्बी सरस होता. रेंजर्सचा एक खेळाडू तासाभराच्या खेळानंतर तांबडे पत्रक पाहून बाहेर गेला व त्यांचे दहाच गडी उरले. चेंडू सारखा त्यांच्याच गोलाभोवती घोटाळत होता. आणि ९० व्या मिनिटाला डर्बीच्या बचावपटूला एक चेंडू नीटसा दूर सारता आला नाही. बॉबी झामोराने तो डाव्या पायाने गोलात धाडला. खेळ खलास. ८७ हजारांहून अधिक प्रेक्षकांपैकी अर्धे नाचत होते आणि अर्धे जागच्या जागी थिजले होते. त्या थिजलेल्यांत एक ११-१२ वर्षांचा मुलगा क्षणभर पडद्यावर दिसला. त्या क्षणापासून मी डर्बीचा झालो. तुम्ही हसाल, परंतु माणसे याहून क्षुल्लक कारणांनी आयुष्यभराची नाती जोडतात.

मग मी त्या संघाचा इतिहास वाचून काढला. १८८८ मध्ये फुटबॉल लीगची स्थापना करणाऱ्या १२ संघांतील हा एक. १९७२ मध्ये ब्रायन क्लफच्या मार्गदर्शनाखाली तो इंग्लंडचा विजेता ठरला, आणि १९७५ मध्ये पुन्हा एकदा. बोधचिन्ह एडक्याचे. म्हणजे घराणे चांगले, दिवस मात्र ओढगस्तीचे. अशा घरांविषयी मला प्रथमपासूनच ममत्व वाटते.

चार वर्षे लोटली. जुलै २०१८ मध्ये बातमी वाचली की, क्वीन्स पार्क रेंजर्सने त्या २०१३-१४ च्या हंगामात तोट्याची मर्यादा ओलांडली होती, हे अखेर निश्चित होऊन तडजोड झाली. मालकांनी संघाला दिलेले ६ कोटी पौंडांचे कर्ज माफ करून ती माफी अपवादात्मक जमा म्हणून दाखविली होती; त्यामुळे कागदोपत्री तोटा १ कोटीच्या आत आला होता. साखळीने ते मानले नाही. लवाद झाला. शेवटी दंड, खर्च व भांडवलात रूपांतरित करावयाचे कर्ज मिळून प्रकरण सुमारे ४ कोटी २० लाख पौंडांना मिटले. त्याच हंगामात पहिला आलेला लेस्टर सिटीही त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ३१ लाख पौंड भरून मोकळा झाला होता. म्हणजे २०१४ मध्ये वर गेलेल्या तिघांपैकी दोघांना पुढे हिशेबाबद्दल पैसे मोजावे लागले. खर्चाच्या बाबतीत हात आखडून वर गेला तो एक दुसऱ्या क्रमांकाचा बर्नली.

आणि डर्बीला काय मिळाले? काही नाही. रेंजर्स तर २०१५ मध्येच तळाला राहून परत खालीही आले होते. ज्या सामन्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्याचा निकाल कोणी फिरविला नाही, आणि फिरविता येण्याजोगाही तो नव्हता. त्या रात्री मी घरात फार मोठ्या आवाजात बोललो असे सौभाग्यवती सांगते. अन्याय, लबाडी, साधूचे सोंग — शब्दांची मला उणीव कधीच नसते. भाषांतरकार ना मी!

वाचकहो, त्या वेळी मला ठाऊक नव्हते की, मी आवाज चढवून बोलत असतानाच डर्बीच्या कचेरीत कोणते आकडे लिहिले गेले होते.

डर्बीची सूत्रे २०१५ मध्ये मेल मॉरिस या गृहस्थांच्या हाती आली होती. ते डर्बीचेच रहिवासी व त्याच संघाचे जुने चाहते. 'कँडी क्रश' हा खेळ तुमच्या घरी कोणाच्या ना कोणाच्या भ्रमणध्वनीत असेलच. तो काढणाऱ्या कंपनीतील गुंतवणुकीतून त्यांना मोठी संपत्ती लाभली होती. तिच्यातून त्यांनी संघावर सढळ हाताने खर्च केला. नवा खेळाडू आला की आम्ही चाहते टाळ्या वाजवीत होतो. प्रतिवर्षी वाटे, यंदा वर जाणार. प्रतिवर्षी ते हुकत होते. तोटा वाढत चालला होता. मग २०१८ च्या हिशेबात एक चमत्कार घडला. खातेवहीत ४ कोटी १० लाख पौंड किमतीचे असलेले संघाचे मैदान सुमारे ८ कोटी पौंडांना विकले गेले, आणि ते विकत घेणारी कंपनीही मॉरिस यांचीच. डाव्या खिशातील रुपया उजव्या खिशात गेला, आणि वाटेत त्याचे दोन झाले! तोट्यातील संघ त्या वर्षी नफ्यात आला. नियमात याला बंदी नव्हती, हे मात्र प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पुढे चौकशी झाली तेव्हा या विक्रीबद्दल डर्बीला दोषी धरण्यात आले नाही.

दोष ठरला तो दुसऱ्या बाबतीत, आणि ती बाब घसाऱ्याची. खेळाडू १ कोटीला घेतला आणि करार चार वर्षांचा असला, तर दर वर्षी २५ लाख खर्ची टाकावे, ही सर्वमान्य रीत. चार वर्षांनी तो मोकळा होऊन दुसरीकडे गेला तर संघाला एक पैही मिळत नाही. डर्बीने मात्र असे धरले की, शेवटीही त्याची काही किंमत उरेल. म्हणून आरंभीच्या वर्षांत खर्च कमी दाखविला. चार वर्षांच्या कराराने, आगाऊ पैसे मोजून एखादे दुकान घ्यावे आणि वहीत लिहावे की, जागा सोडतानाही तिचे काही पैसे आपल्याला मिळतील. मिळणार तर काहीच नाहीत. आबांनी हे पान पाहिले असते तर चष्मा काढून पुसला असता व पुन्हा लावला असता.

जानेवारी २०२० मध्ये साखळीने आरोप ठेवले. प्रथम निर्णय बव्हंशी डर्बीच्या बाजूने लागला, मग अपील झाले, मे २०२१ मध्ये घसाऱ्याच्या मुद्द्यावर तो फिरला, आणि जुने हिशेब नव्याने लिहिण्याचा हुकूम सुटला. एव्हाना तिजोरीत खडखडाट झाला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये संघ प्रशासकांच्या ताब्यात गेला. त्याबद्दल १२ गुण वजा. नोव्हेंबरात नव्याने लिहिलेल्या हिशेबांवरून तोट्याची मर्यादा मोडल्याचे सिद्ध झाले. त्याबद्दल आणखी ९ गुण वजा. एकूण २१.

या काळात मी रात्री-अपरात्री इंग्रजी वृत्तपत्रे वाचीत असे. एके रात्री मिडल्सब्रोची तक्रार वाचनात आली. २०१८-१९ च्या हंगामात डर्बी ७४ गुणांनी सहावा आला होता आणि वेम्ब्लीपर्यंत पोचून ॲस्टन व्हिलाकडून २-१ असा हरला होता. सातव्या क्रमांकावर, ७३ गुणांनी, राहिला होता मिडल्सब्रो. त्यांचे म्हणणे असे की, डर्बीने नियम पाळले असते तर तो सहावा क्रमांक आमचा होता. याखेरीज विकम वाँडरर्स नावाच्या एका लहान संघाचे गाऱ्हाणे होते. मे २०२१ मध्ये ते ४३ गुणांवर खाली घसरले. ४४ गुणांचा डर्बी वाचला. वजाबाकीचा निर्णय सहाच महिने आधी लागला असता तर वाचले असते विकम.

दोन संघ, दोन्ही वेळा अंतर एका गुणाचे. मी दिवा मालवून अंधारात बसून राहिलो. पडद्यावरचा तो थिजलेला मुलगा आता मिडल्सब्रोच्या प्रेक्षकांत कुठेतरी बसलेला होता, आणि त्याला थिजविणारे आम्ही होतो. 'आम्ही' हा शब्द मी मुद्दामच वापरीत आहे. विजयाच्या दिवशी जो 'आम्ही' म्हणतो त्याला हिशेबाच्या दिवशी 'ते' म्हणावयाची सोय नाही. मी पैसे उधळले नव्हते, खोटे आकडे लिहिले नव्हते. पण नवा खेळाडू येताच पैसा कोठून आला असे तरी मी कधी विचारले होते काय?

तो २०२१-२२ चा हंगाम मात्र विसरता येणार नाही. वेन रूनी मार्गदर्शक होता. संघात पोरसवदा खेळाडू व कारकीर्द उतरणीस लागलेले वडीलधारे. नवे घेण्यावर कडक निर्बंध. ३० जानेवारी २०२२ रोजी हजारो नागरिक शहराच्या मध्यभागातून मैदानापर्यंत चालत गेले, आपला संघ जिवंत राहावा म्हणून. त्या दिवशी बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध डर्बी २-० असा मागे होता. एक गोल फिटला, आणि ९६ व्या मिनिटाला क्रिस्टियन बिएलिकने पाठमोरे होऊन हवेतल्या हवेत लाथ मारली व बरोबरी साधली. मी ओरडलो आणि शेजाऱ्यांनी भिंत ठोकली.

पण वजाबाकी ती वजाबाकीच. १८ एप्रिल २०२२ रोजी डर्बीची घसरण निश्चित झाली, आणि नियतीने जागा निवडली ती कोणती? लंडनमधील क्वीन्स पार्क रेंजर्सचेच मैदान! ८८ व्या मिनिटाला गोल, १-० असा पराभव. त्याच दिवशी रेडिंगने १-४ अशा पिछाडीवरून ४-४ अशी बरोबरी गाठून उरलीसुरली आशाही संपविली. हंगामाच्या शेवटी डर्बीने मैदानावर मिळविलेले गुण होते ५५, आणि तक्त्यात छापलेले ३४. ५५ गुणांना कोणी खाली धाडले नसते. एकविसाव्या क्रमांकाचा रेडिंग ४१ वर वाचला होता, आणि त्याचेही ६ गुण आर्थिक नियमभंगाबद्दल कापलेले होते.

त्या रात्री मी आबांना दूरध्वनी केला. एरवी मी त्यांच्याशी इंग्लंडच्या फुटबॉलविषयी बोलत नाही. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "पोरं चांगली खेळली?"

"हो."

"मग खेळू देत पुढं. पण मला एक सांग, गवत कापणाऱ्याचा पगार दिलाय का त्यांनी?"

मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी शोध घेतला. संघ बुडीत निघाला म्हणजे खेळाडूंचे पगार व इतर संघांचे येणे ही 'फुटबॉलची देणी' पूर्ण फेडावी लागतात, असा साखळीचा नियम आहे. त्यांखेरीजचे असुरक्षित धनको, म्हणजे आसपासचा पुरवठादार, छापखानेवाला, दुरुस्तीची कामे करणारा, यांना रुपयातील काही आणेच मिळतात. प्रशासक येताच कचेरीतील काही नोकरांना घरी बसावे लागले होते, असेही वाचनात आले. सरकारी कराची थकबाकी तर कोट्यवधी पौंडांची होती. जे गणवेश शिवणाऱ्याच्या बिलावरून आबांशी मी दोन दिवस बोललो नव्हतो, ते मला तेव्हा आठवले.

तुम्ही विचाराल, मग तो २१ गुणांचा दंड योग्य होता की नव्हता? माझे मत असे की, योग्य होता. पण फार उशिरा आला आणि चुकीच्या माणसांवर पडला. ज्यांच्या काळात नियम मोडला ते खेळाडू पांगले होते. ज्यांनी दंड भोगला त्यांतील कित्येक जण तेव्हा शाळेत होते. त्याच हंगामात, फार तर पुढच्या हंगामात, निकाल लागला असता तर २०१४ ला डर्बीला व २०१९ ला मिडल्सब्रोला काही अर्थ उरला असता. रक्कम केवढी हे मला दुय्यम वाटते. न्याय चार वर्षांनी पैशांत मिळतो तेव्हा तो हरलेल्याच्या हाती पडत नाही, साखळीच्या तिजोरीत पडतो. माझे एक मित्र याच्या उलट म्हणतात. घाईने लागलेला निकाल अपिलात टिकत नाही, हे त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही.

त्यांच्या बाजूचा पुरावा लवकरच मिळाला. २०२४ मध्ये लेस्टर सिटी ९७ गुणांनी, इप्सविचला एका गुणाने मागे टाकून, पुन्हा वर गेला. ऐन शर्यतीत, मार्च महिन्यात, प्रीमियर लीगने त्याच्यावर तोट्याची मर्यादा मोडल्याचा आरोप ठेवला होता. त्या वेळी सप्टेंबरमध्ये अपिलात तो संघ सुटला, आणि तो तोटा झाला नव्हता म्हणून नव्हे! हिशेबाचे वर्ष ३० जून २०२३ रोजी संपले, त्या दिवशी लेस्टर खाली घसरल्यामुळे प्रीमियर लीगचा सभासदच उरला नव्हता. नियमाच्या शब्दांप्रमाणे तिला अधिकारच पोचत नव्हता. एका वाक्याच्या रचनेवर असे पारडे फिरलेले पाहून माझ्यातील भाषांतरकारास कौतुक वाटले. माझ्यातील फुटबॉलचा शौकीन त्या दिवशी जेवताना कोणाशी बोलला नाही.

डर्बीचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. २०२२ च्या जुलैत डेव्हिड क्लाउझ या स्थानिक बांधकाम व्यावसायिकाने संघ विकत घेतला व मैदानही परत मिळविले. दोन हंगाम तिसऱ्या वर्गात काढल्यावर, २७ एप्रिल २०२४ रोजी, कार्लाइलला २-० असे हरवून डर्बी ९२ गुणांनी दुसरा आला व चॅम्पियनशिपमध्ये परतला. लोक मैदानात धावत उतरले. मुलाला मांडीवर घेऊन मी ते दृश्य पाहत होतो. मांडीवर असल्याने तो निमूट होता, त्याला खेळ कळत होता अशातला भाग नाही.

आबांना लगेच दूरध्वनी केला. ते म्हणाले, "बरं झालं." मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "तिथं हल्ली वही कोण लिहितं?"

मला नाव सांगता आले नाही.